मुंग्या लागलेली ग्राफाइटची खाण

पन्हाळ्याच्या मागच्या अंगाची ती खाण आजही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मी तेव्हा त्या भागातल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. खबर आणली एका चहाच्या टपरीवाल्याने.

"साहेब, डोंगरात ग्राफाइटची खाण निघालीया म्हणत्यात. मग माल खाली याय पायजे का न्हाय? हितं टेम्पो भरून वर जातोय आन् रिकामा खाली येतोय!"

चौकशीत कळलं की शिरोली एमआयडीसीतल्या काही फाउंड्रीवाल्यांनी त्या खाणीत भागीदारी घेतली होती. लोखंड ओतण्याआधी साच्याला आतून ग्राफाइटचा लेप देतात. त्यामुळे घरचीच खाण मिळाल्याच्या आनंदात ते होते. त्यांनी जमिनीचा सातबारा पाहिला, नाव खरं निघालं, आणि ते निश्चिंत झाले. जमिनीच्या पोटातल्या खनिजावर हक्क सरकारचा असतो, खाणपट्टा मंजूर झाल्याशिवाय तिथे कुदळ मारता येत नाही, हे कुणी लक्षातच घेतलं नाही.

करारावर सही जमीनमालकाची होती. साठी ओलांडलेला शेतकरी. चौकशी सुरू झाल्याचं कळताच व्यवहार जुळवणारा दलाल स्वतःच फिर्याद घेऊन ठाण्यात आला. "ह्या म्हाताऱ्यानं मलाबी गंडवलंय," म्हणाला. कागद म्हाताऱ्याच्या विरुद्ध होते. मी त्याला अटक केली आणि पत्रकारांना बोलावून तसं सांगितलं.

बोगद्याचा पंचनामा केला. भिंती काळ्या, हात लावला की बोटं चकचकीत. दगडाचे नमुने सील करून मुद्देमाल खोलीत ठेवले. जागा पाहून सरकारी भूवैज्ञानिक म्हणाले, "या डोंगराच्या माथ्यावर जांभा आहे, खाली काळा पाषाण, म्हणजे थिजलेला लाव्हा. ग्राफाइट असं होत नाही. कर्ब असलेला जुना गाळाचा खडक जमिनीत खोल दाबला जावा लागतो, भाजून निघावा लागतो. हे वरून फासलंय."

फासलं कुणी, एवढंच उरलं. म्हातारा कोठडीत एकच सांगत होता. "त्यो दलाल पावणा म्हणून आला, साहेब. म्हणाला, काका, तुमच्या रानाखाली खजिना हाय. मी सही केली. रान माजं हाय, पर आत काय हाय ते मला काय ठावं?"

एका सकाळी मुद्देमाल कारकून दारात उभा. "साहेब, तुमच्या दगडास्नी मुंग्या लागल्यात!"

"दगडाला?"

"व्हय की. गुळाच्या ढेपंला लागाव्यात तशा."

नमुने प्रयोगशाळेत पाठवले. त्यांत मळी निघाली, साखर कारखान्यातली, गोड आणि चिकट. आमच्याकडचे मोल्डिंगवाले, म्हणजे फाउंड्रीत साचे करणारे, लेप साच्याला धरून राहावा म्हणून त्यात मळी कालवतात. शेतकऱ्याने जन्मात फाउंड्री पाहिली नव्हती. दलालाची मात्र उमेदीची वर्षं मोल्डिंग खात्यात गेली होती.

पुरवणी जबाबासाठी त्याला बोलावलं. चहा दिला. फाउंड्रीच्या गप्पा काढल्या. मग सहज म्हणालो, "बोगद्यात मळी कशाला घातली? ग्राफाइट नुसत्या पाण्यात कालवून मारलं असतं की."

"पाण्यानं वाळल्यावर सगळं झडतंय की, साहेब. भिंतीला कसं धरंल?"

बोलून गेला आणि कप हातात तसाच राहिला. पुढे त्याने पंचांसमोर स्वतःच्या शेडमधून मळीचं पिंप आणि ग्राफाइटची पोती काढून दिली.

म्हाताऱ्याची सुटका झाली, तो साक्षीदार झाला. तो मला एकदा भेटायला आला होता. "साहेब, गावात खाणचोर म्हणत्यात मला. एकदा येऊन सांगून जावा की." येतो म्हणालो. अटक मी पत्रकारांसमोर जाहीर केली होती. सुटका कोर्टाच्या कागदात राहिली. मग बदली झाली, आणि पुढे निवृत्ती.

संशय जेवढ्या मोठ्या आवाजात सांगितला, तेवढ्याच मोठ्या आवाजात तो मागे घेणं हाही तपासाचाच भाग असतो. हे मला नोकरीत कुणी शिकवलं नाही. या प्रकरणाने शिकवलं, तेही उशिरा.

गेल्या हिवाळ्यात मी त्या गावी गेलो. दूध संस्थेत सकाळचं माप चालू होतं, सगळं गाव किटल्या घेऊन उभं होतं. म्हातारा रांगेच्या शेवटी. मी पुढे होऊन त्याच्याकडे हात करून सांगितलं, "यांनी काही केलेलं नव्हतं. मी चुकीच्या माणसाला धरलं होतं."

किटल्यांचा आवाज थांबला. म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि तो मागूनच म्हणाला, "जरा मोठ्यानं सांगा, साहेब. हिकडं मागं कुणाला ऐकू आलं न्हाय."

मी पुन्हा सांगितलं.