अपेक्षित प्रश्नसंच

दादाला अकोल्यातच दाखवता आलं असतं. घरापासून पंधरा मिनिटांवर मनोविकारतज्ज्ञांचा दवाखाना आहे. पण माझ्या या थोरल्या भावाने चौतीस वर्षं अकोल्यात गणित शिकवलं. औषधाच्या दुकानात, बँकेत, कुठेही गेलं की कोणीतरी उठून 'सर' म्हणतं. म्हणून वहिनीने ठरवलं, अमरावतीला न्यायचं. मी अमरावतीत राहतो, पाटबंधारे खात्यात धरणांच्या पाणीपातळीच्या नोंदी तपासतो. माझ्याकडून आकडा चुकत नाही असा घरात समज आहे, त्यामुळे दादाचं सगळं माझ्याकडे आलं.

निवृत्तीनंतरच्या आठ महिन्यांत त्याचं वजन अकरा किलोने उतरलं होतं. तो किती झोपला, किती पोळ्या खाल्ल्या, हे वहिनी फोनवर सांगायची आणि मी वहीत लिहायचो. बोलणंही लिहायचो. एका रविवारी दिवसभरात चार वाक्यं, त्यातली दोन 'नको'.

पहिल्या भेटीत डॉक्टर मॅडमनी मला दादाच्या शेजारीच बसू दिलं. मला वाटलं होतं रक्त तपासतील, डोक्याचा फोटो काढतील. त्यांनी फक्त प्रश्न विचारले. आज वार कोणता, तारीख काय, आपण कोणत्या गावात आहोत. झोप, भूक, मन कसं आहे. तीन शब्द सांगितले, कुलूप, आंबा, सायकल, आणि पाच मिनिटांनी परत विचारले. दादाला एकही आठवला नाही. 'नाचता येईना अंगण वाकडे' याचा अर्थ विचारला तर तो म्हणाला, "अंगण वाकडंच असते." मॅडम हसल्या नाहीत, लिहून घेतलं.

मग म्हणाल्या, "शंभरातून सात वजा करा. जे उरेल त्यातून परत सात. असं करत जा."

"त्र्याण्णव," दादा म्हणाला. "शहाऐंशी."

पुढे काही नाही. कूलरचा आवाज तेवढा येत होता. माझ्या घड्याळात चाळीस सेकंद गेले. तो अंगठा एकेका बोटाच्या पेरावर घासत होता. शेवटी म्हणाला, "राहू द्या."

मॅडमनी गोळ्या दिल्या, महिन्याने बोलावलं आणि सांगितलं की हीच स्थिती राहिली तर थोडे दिवस भरती करावं लागेल.

त्याला सोडायला मी अकोल्याच्या बसमध्ये बसलो. मूर्तिजापूर येईपर्यंत तो खिडकीबाहेर पाहत होता. मग माझ्याकडे न बघता बोलला, "शंभरातून सात. सहावीच्या पोराले येते. माह्याच्यानं नाही झालं."

घरी पोचल्यावर वहिनीला भरतीचं सांगितलं. तिने हातातली परात खाली ठेवली.

"भाऊजी, भरती नको. एकदा भरती केलं का जन्मभराचा शिक्का. तुमी तं होते तिथं, काय काय विचारते ते तुमाले माहीत हाय. ह्याइले तयार करा. पास करा."

आमच्या घरात वडील मास्तर, दादा मास्तर, मावशी मुख्याध्यापिका. कोणतीही अडचण आली की ती परीक्षा समजून तिची तयारी करायची, एवढंच आम्हाला येतं. मी आठवून आठवून सव्वीस प्रश्न काढले, प्रत्येकापुढे उत्तर लिहिलं आणि वर मथळा दिला, अपेक्षित प्रश्नसंच. दादाने कागद हातात घेतला, चष्मा वर केला.

"मले गाईड आणून देतं का बे? पोराइची गाईडं फाडण्यात जिंदगी गेली माही."

त्या महिन्यातलं त्याचं सगळ्यात मोठं बोलणं होतं ते. मी खूश झालो आणि वहीत 'सुधारणा' असं लिहिलं.

दर शनिवारी मी अकोल्याला जायचो. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. तो वजाबाकी करत नव्हता, पाठ म्हणत होता. मन कसं आहे? बरं आहे. रडू येतं का? नाही. तिसऱ्या शनिवारपर्यंत सव्वीसच्या सव्वीस उत्तरं बरोबर यायला लागली.

त्याच शनिवारी मी त्याला न्हाव्याकडे कटिंगला नेलं. घरासमोरचा मोठा रस्ता ओलांडायचा होता. मी थांबलो, तो थांबला नाही. मी बाही धरून मागे ओढलं. मालवाहू गाडीवाला शिवी देऊन गेला. मी म्हटलं, "दादा, पाहत काहून नाहीस?"

"आता मी दोन्हीकडं पाहतच नाही," तो अगदी साध्या आवाजात म्हणाला. "आली गाडी तं आली. बरंच होईन."

पुढे मी काय केलं ते जसंच्या तसं लिहितो. घरी येऊन मी प्रश्नसंचात सत्ताविसावा प्रश्न घातला. जगणं नकोसं वाटतं का? उत्तर, नाही. आणि त्याला सांगितलं, "हे मॅडमपाशी बोलायचं नाही. त्या लगेच भरती करतीन."

"बरं," तो म्हणाला.

वहिनीला मी यातलं काही सांगितलं नाही. फक्त म्हटलं, याला एकट्याला बाहेर सोडू नका. तो आठवडा मला एका जागी बसवेना. ऑफिसात एकच नोंद तीनदा तपासायचो आणि तिन्ही वेळा बरोबर निघायची. दिवसातून पाच-सहा फोन अकोल्याला करायचो. जेवताना बायको म्हणाली, "पाय हलवू नका, ताटं वाजून राहिले." पाय हलतोय हे मला माहीतच नव्हतं.

दुसऱ्या भेटीला मी दादाला अकोल्याहून घेऊन आलो, तेव्हा त्याने इस्त्रीचा सदरा घातला होता. मॅडम विचारत गेल्या आणि तो सांगत गेला. वार, तारीख, गाव. वजाबाकी तर प्रश्न पुरा होण्याआधीच सुरू केली आणि न अडखळता दोनपर्यंत नेली. अंगणाचा अर्थ पुस्तकातल्यासारखा सांगितला. मॅडम लिहीत होत्या, पण मधूनच पेन थांबवून त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होत्या. चेहरा महिन्यापूर्वीचाच होता.

मग त्यांनी विचारलं, "जगणं नकोसं वाटतं का? मरणाचे विचार येतात का?"

दादाने आधी माझ्याकडे पाहिलं. फळ्यापुढे उभा असलेला पोरगा मास्तरच्या तोंडाकडे पाहतो, तसं. आणि म्हणाला, "नाही."

मॅडमचं पेन कागदाला टेकलं होतं. वीस वर्षांत मी एकही पातळी खोटी लिहिलेली नाही. सही करायला दबाव आला तेव्हाही नाही. त्या 'नाही' लिहिणार, त्यावरून औषध ठरणार, दादा अकोल्याला परत जाणार आणि घरासमोर तोच रस्ता.

"मॅडम, ते उत्तर माझं आहे," मी म्हटलं. "सगळीच माझी आहेत."

मग रस्त्यावरची गोष्ट सांगितली, प्रश्नसंचाची सांगितली. कागद खिशातच होता, तो टेबलावर ठेवला. दादा भिंतीकडे पाहत होता. त्याचे कान लाल झाले होते.

मॅडमनी कागद पूर्ण वाचला. रागावल्या नाहीत, ते जास्त जड गेलं. म्हणाल्या, "यात बरोबर उत्तर असं काही नसतं हो. मागच्या वेळी सर शहाऐंशीवर अडले. किती वेळ अडले, अडल्यावर चिडले की लाजले, हात काय करत होते, हे सगळं मी पाहत होते. यातलं तुम्ही मला या वेळी काहीच पाहू दिलं नाही." मग म्हणाल्या, "आता बाहेर बसा. मी सरांशी एकट्याने बोलते."

पहिल्यांदाच आत काय विचारलं जातंय ते मला माहीत नव्हतं. मी बसलो, उठलो, पाण्याच्या फिल्टरपर्यंत जाऊन आलो. वहिनीचा फोन दोनदा वाजला, उचलला नाही. एकदा आतून दादाचा आवाज आला. शब्द कळले नाहीत, पण तो बोलत होता, बराच वेळ, मध्ये न थांबता. मग रडण्याचा आवाज आला. मी दारापर्यंत गेलो आणि परत येऊन बसलो. बावन्न मिनिटं झाली.

तो बाहेर आला तेव्हा डोळे सुजले होते. शेजारची खुर्ची सोडून पलीकडच्या खुर्चीवर बसला.

"मले नापास केलं तुनं."

"हो."

"मॅडमनं विचारलं, भरती होता का. म्या हो म्हटलं." त्याने रुमालाने नाक पुसलं. "तुह्या वहिनीले तूच सांग. माह्याच्यानं नाही होणार."

माझ्या हातात फोन तिसऱ्यांदा वाजायला लागला होता. दादा तो वाजताना पाहत होता. मी उचलला.