खांबातली घडी

आमच्या गॅरेजात सगळे त्याला कानसेन म्हणायचे. गाण्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. गाडीच्या आतली कुरकुर नेमकी कुठल्या पॅनलमागून येते, ते त्याला नुसतं बसून कळायचं, म्हणून ते नाव. मी डेंटर, चेपलेला पत्रा सरळ करणारा. माझं काम हातोड्याचं, त्याचं प्लॅस्टिकच्या पाचरीनं अलगद पॅनलच्या क्लिपा सोडवायचं. एखादी तुटली की असा हळहळायचा! "अरे क्लिपच आहे, दाढ नाही," मी म्हणायचो.

लग्न त्यानं केलंच नाही. आईवडील लवकर गेले, धाकट्या बहिणीला यानंच वाढवलं, तिचं लग्न लावलं आणि पुढे तिच्याच घराच्या मागच्या खोलीत राहिला. मेहुणा भला माणूस, पण कायम घाईत. गाडीत बसल्यावर बेल्ट लावायचा त्याला कंटाळा. रोज सकाळी बहीण दारातून ओरडायची, तेव्हा कुठे लावायचा.

मेहुणा गेला तो बेल्टाविनाच. कामावर जाताना वळणावर गाडी ट्रकवर आदळली. बेल्ट असता तर वाचला असता, असं डॉक्टरच म्हणाले. बहीण रडली नाही, संतापली. त्याचे कपडे पोत्यात कोंबून तिनं माळ्यावर टाकले. कुणी समजूत घालायला गेलं की म्हणायची, "सांगून सांगून माझी जीभ झिजली. एक दिवस आत कामात होते, ओरडले नाही, तर लगेच तसेच गेले. मला काय किंमत होती त्यांच्या लेखी?" मेलेल्या नवऱ्याशी इतकं कडाकडा भांडणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. खरं सांगायचं तर मला तिची भीतीच वाटायची.

चौकशी संपल्यावर ती गाडी सुटे भाग काढायला आमच्याकडेच आली. मालक कानसेनाला म्हणाला, "तू नको हात लावूस. दुसऱ्याला सांगतो." पण हा हट्टाला पेटला. आतलं काम मीच करणार म्हणाला.

मी पुढचा चेपलेला पत्रा कापत होतो, तो आत शिरला. दारांची पॅनलं निघाली. मग ड्रायव्हरच्या बाजूचा, दोन दारांमधला खांब. बेल्ट त्याच खांबातून बाहेर येतो. त्यानं दाराचं रबर ओढून काढलं, बेल्टचा खालचा बोल्ट सोडवला, पाचर घातली. क्लिपा सुटल्याचे आवाज आले. नंतर बराच वेळ काहीच ऐकू येईना, म्हणून मी डोकावलो.

पॅनल मांडीवर घेऊन तो बसला होता. खांबाच्या पत्र्यावर फोमची काळी पट्टी चिकटवलेली होती आणि तिच्यावर बेल्ट दुमडून, दबून बसला होता. घडीच्या कडेचे धागे निघाले होते.

"ही पट्टी मी लावलीय," तो म्हणाला.

अपघाताच्या आदल्या दिवशी मेहुण्यानं कुरकुरीची तक्रार केली होती. यानं घरासमोरच पॅनल काढलं, पट्टी लावली, पॅनल पुन्हा बसवलं. गिऱ्हाइकाची गाडी असली की शेवटी बेल्ट पुरता बाहेर ओढून बघायचा, हा त्याचा नेम. बिघडलं तर गिऱ्हाईक बोंबलत येतं ना! ही तर घरचीच गाडी. जेवायला हाक आली, हा उठून गेला. पॅनलमागे बेल्ट चिमटला होता. सकाळी मेहुण्यानं ओढला, आणखी जोर लावून ओढला, धागे निघेपर्यंत ओढला. बेल्ट आला नाही. उशीर होत होता म्हणून तो तसाच निघाला. चौकशीवाल्यांनी बेल्ट लावलेला नव्हता एवढंच पाहिलं, पॅनल कुणी उघडलंच नव्हतं.

"काढून फेक ती पट्टी," मी म्हणालो. "कोण विचारायला येतंय? बहिणीशिवाय तुला आहे कोण या जगात?"

"ती त्याला रोज बोल लावते रे," तो म्हणाला. "त्याची चूक नसताना."

मला त्याचा राग आला आणि कीवही आली. त्यानं बेल्टचा तेवढा तुकडा कापला आणि तसाच मळक्या हातांनी घरी निघाला. एकट्याला सोडवेना म्हणून मीही मागोमाग गेलो.

बहीण वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती. त्यानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तिनं तो तुकडा हातात घेतला, निघालेल्या धाग्यांवरून अंगठा फिरवला.

"म्हणजे त्यांनी ओढला होता?"

"हो."

"मी ओरडले नव्हते, तरी?"

"तरी."

तेव्हा ती पहिल्यांदा रडली. हमसून हमसून रडली. मला तिथे उभं राहवेना, पण पाय निघेना. तो "माझं चुकलं गं" म्हणत राहिला.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले. "दादा," ती म्हणाली, "त्यांच्याशी भांडत होते ते सोपं होतं. ते उलट बोलत नव्हते. आता तुझ्याशी भांडू? मग मला राहिलं कोण?"

ती भांडली नाही. त्याला घराबाहेरही काढलं नाही. दोन्ही वेळेला त्याचं ताट वाढून ठेवते आणि तो यायच्या आत आतल्या खोलीत जाते. काही सांगायचं असलं तर मागच्या दाराची कडी वाजवते. दादा म्हणून हाक तिनं त्या दिवसानंतर मारलेली नाही.