पांजण आणि टोपलीभर संत्री

देश नुकताच स्वतंत्र झाला होता आणि मी नुकताच कारकून. विणकराच्या घरातल्या पोराच्या बोटाला शाई लागली की त्याला वाटतं, आपण आता निराळेच. मलाही वाटलं. म्हणून हिवाळाभर दर रविवारी दुपारी मी इस्त्रीचा शर्ट घालून रामदासपेठेत जाई. तिथं एका निवृत्त हेडमास्तरांच्या व्हरांड्यात शब्दांच्या भेंड्या रंगत. नियम कडक होते. शब्द तीनच अक्षरांचा हवा आणि एकदा आलेला पुन्हा नाही. शब्दावर शंका आली तर अर्थ सांगायचा, मूळ सांगायचं. शब्द सुचला नाही किंवा मंडळींना पटला नाही, तर त्या गड्यावर भेंडी चढली. मग त्यानं कोपऱ्यात बसून सगळ्यांसाठी संत्री सोलायची.

एका रविवारी माझ्यावर 'प' आला. पालक, पदर, पापड, पणती सगळे येऊन गेलेले. डोकं कोरडं पडलं आणि तोंडातून घरचा शब्द निघाला, "पांजण!"

"असा शब्द नाही," हेडमास्तर म्हणाले.

"आहे की."

"मग अर्थ सांगा. मूळ सांगा."

अर्थ मला पाठ होता. पहाटे आमच्या गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत उभ्या सुताचा ताणा पसरतात आणि कुंच्यानं त्याला खळ लावतात, ते पांजण. ऊन चढायच्या आत उरकावं लागतं, नाहीतर सूत चिकटून बसतं. तोवर सायकलवाल्यानं खाली उतरून भिंतीकडेनं जायचं, मग तो कोणी का असेना. पण इस्त्रीच्या शर्टात हे सांगायची लाज वाटली. मी म्हणालो, "पंच अधिक अंजन. पाच पदार्थांचं काजळ. संस्कृत आहे."

हेडमास्तरांनी चक्क मान डोलावली! इथं गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. तेवढ्यात त्यांच्या सूनबाईंनी विचारलं, "कोणते हो पाच?"

"तूप, कापूर, बदाम," मी म्हणालो, आणि घाबरून पुढे, "हिंग."

व्हरांडा हसून हसून लोळला. मी संत्री सोलली.

घरी मागावर बसलेल्या बाबांना विचारलं, "बाबा, पांजण काहून म्हणतात गा?"

"काहून म्हणजे? सुताले पेज पाजतो, म्हणून पांजण. उपाशी सूत मागावर तुटते. तुले साहेबानं हे बी इचारलं का?"

हिंगाची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी धोटा थांबवला आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मग म्हणाले, "हिंग लावलेलं लुगडं कोन नेसन बे?"

पुढच्या रविवारी 'प' आला आणि मी पुन्हा म्हणालो, "पांजण." या वेळी खरा अर्थ सांगितला, बाबांनी सांगितलेलं मूळही सांगितलं.

हेडमास्तर म्हणाले, "ते तुमच्या गल्लीतलं. मराठीत नाही."

"गुरुजी, तुम्ही नेसलात ते धोतर विणायच्या आधी त्याच्या सुताला खळ लावलीच असेल. अंगावर चालते, मग तोंडात काहून नाही?"

"काहून?" एकानं वेडावलं.

"हो, काहून!" मी म्हणालो. भेंडी चढली. सोलली संत्री.

मग मी हट्टालाच पेटलो. 'प' आला की पांजण. दुसरे शब्द आठवत असले तरी पांजण. बोटांना सालीचा वास कायमचा लागला. कचेरीत साहेब म्हणाले, "बागायत घेतली काय?" पण शब्द पास झाला नाही आणि मी मागे घेतला नाही.

हिवाळा सरत आला तेव्हाच्या एका रविवारी 'प' हेडमास्तरांवर आला. सगळे शब्द संपलेले. ते छताकडे पाहू लागले. मंडळी माझ्याकडे पाहू लागली. शब्द एकच उरला होता आणि तो त्यांच्या ओठांवर आलेला सर्वांना दिसत होता. सूनबाईंनी तर पदर तोंडाला लावला. हेडमास्तरांनी ओठ घट्ट मिटले.

"भेंडी," ते शेवटी म्हणाले.

मी टोपली त्यांच्यापुढे सरकवली. "सोला, गुरुजी. मले दोन."