मामांचं भाषण आणि माझी चाळीस पानं

हातातला चहा आधी संपवा, मग सांगतो. नाहीतर माझा गाढवपणा ऐकून ठसका लागायचा!

माझा एक हट्ट आहे. पुस्तक संपल्याशिवाय त्यावरचा सिनेमा बघायचा नाही म्हणजे नाही. एकदा तो नट डोक्यात घुसला की पुस्तकातला माणूस गेलाच म्हणून समजा. मी मनात उभा केलेला माणूस मी का म्हणून सोडू? तुम्हीच सांगा!

आणि नेमकी चाळीस पानं उरलेली असताना जेऊरचे मामा-मामी सोलापुरात हजर! त्याच पुस्तकावरच्या सिनेमाचं शूटिंग त्यांच्या गावात झालेलं, आणि मामांना मेंढपाळाचं काम मिळालेलं. चावडीवरचं भलंमोठं भाषण! पुस्तकात ते वाचून मीही रडलो होतो.

"भाच्या, तुज्या शेजारी बसूनच बघायचा मला," मामा म्हणाले. आता नाही कसं म्हणणार?

पण मी बधणारा नव्हे. एसीनं कान दुखतात म्हणून कानात कापूस कोंबला आणि अंधार होताच डोळे गच्च मिटले. चांगले अडीच तास!

बाहेर आलो तर मामा गप्प. मला वाटलं, भारावलेत. मी सुरू झालो, "मामा, काय ते भाषण! चावडी हादरवलीत की!"

मामा थबकले. "तुला दिसलं?"

"म्हणजे काय! रडलो मी."

मामा मामींकडे वळले. "ऐकलंस का गं? मला वाटलं, माजं भाषण कापलंच त्यांनी."

"इंटरवलला वड्याच्या रांगेत तुमीच आपल्या दोघांला उशीर केला की!" मामी म्हणाल्या. "तवाच झालं आसंल."

झालं! मामांचा चेहरा असा फुलला म्हणता! तिथूनच सोलापुरातल्या झाडून सगळ्या पाहुण्यांना फोन. संध्याकाळच्या खेळाला आम्ही चौदा जण. आता डोळे मिटायची सोयच नव्हती, मामा सारखे कोपरानं ढोसत होते, "आता येतंय, व्हय ना?"

आलं की! चावडी आली, गर्दी आली, आणि भाषण ठोकलं कोणी? हिरोनं! मामा मागं कोपऱ्यात, तेही पाठमोरे. तेरा माना माझ्याकडे वळल्या.

बाहेर येऊन सगळं कबूल केलं. खिशातला कापूससुद्धा काढून दाखवला. लाज वाटली हो, खरंच. मामांना सिनेमावाल्यांनी एकदा कापलं आणि माझ्या चाळीस पानांपायी मी दुसऱ्यांदा.

मी घाईघाईनं पिशवीतलं पुस्तक काढलं. "मामा, ह्यात आहे बघा तुमचं भाषण, सगळंच्या सगळं. वाचून दाखवू?"

मामांनी पटका सारखा केला आणि पार्किंगमध्ये दोन मोटारसायकलींच्या मधोमध पाय रोवून उभे राहिले.

"मला पाठ हाय ते," मामा म्हणाले. "तू पुस्तक मीट, आन् आता तरी डोळं उघड!"