फाटकावरचा पाइन

सोळा ऑगस्टला पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी फुसाए इशिगे तीन पायांच्या शिडीवर उभी राहून फाटकावरच्या काळ्या पाइनच्या तांबूस सुया खुडत होती. कमरेला बांधलेल्या पिशवीत त्या पडत होत्या. हिरव्या झाडावर राहत होत्या, पण रोज थोड्या कमी.

हे काम डिसेंबरचं. तेव्हा जुन्या सुया हातानं काढून झाड नववर्षासाठी मोकळं करतात. तिचा नवरा र्‍योहेई ते चाळीस वर्षं करत आला होता. बांबू बांधून, दोऱ्या ओढून त्यानं एक फांदी फाटकावर कमानीसारखी आडवी नेली होती. खोडात किडीचं औषध टोचायचं ते यंदा जानेवारीत. जानेवारीत र्‍योहेईच गेला आणि बाटल्या शेडमध्ये तशाच राहिल्या.

"इशिगेसान, डिसेंबर लागला वाटतं तुमच्याकडे?"

कुंपणापलीकडे शेजारचे त्सुचिया, हातात झारी. त्यांचा पाइन आणि हा एकाच शेतातून, एकाच गाडीतून आलेले.

"उकडतंय हो. जरा हलकं करतेय त्याला."

"उकडतंय म्हणून पाइनची हजामत करणारी बाई मी चौऱ्याऐंशी वर्षांत पाहिली नाही. उतरा खाली."

ती उतरली. त्सुचिया फाटकातून आत आले आणि त्यांनी थेट खोडाकडे पाहिलं. सालीत टाचणीनं पाडलेलं एक भोक होतं, आदल्या दिवशीचं. जित्या झाडाला त्यातून राळ येते. हे कोरडं होतं.

"टोचून पाहिलंत म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"कधीपासून?"

"ओबोनच्या आधीपासून."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"सांगितलं असतं तर तोडायला लावलं असतंत."

"लावलंच असतं! या सालीत भुंगेरे अंडी घालतात. वसंतात बाहेर पडले की पहिले कुठं जाणार? माझ्या झाडावर!"

फुसाए पिशवीची गाठ सोडत राहिली. "गेल्यानंतरचं त्यांचं हे पहिलं ओबोन. पितरांनी तेराला घरी यायचं, आज संध्याकाळी परत जायचं. दारावर झाड नसलं तर घर कसं ओळखणार? उद्या मीच सांगणार होते."

"र्‍योहेईला घर ओळखायला झाड लागतं होय? माझ्याकडे प्यायला आला की डोळे मिटून परत जायचा."

"दोनदा तुमच्याच अंगणात झोपले होते."

त्सुचिया हसले नाहीत. त्यांनी टाचणी मागितली. ती घेऊन ते आपल्या झाडाकडे गेले, सालीत टोचली, आणि बराच वेळ तिथंच उभे राहिले. राळ लगेच दिसत नाही. दुसऱ्या दिवशी बघायचं असतं.

"माझं गेलं असलं तर," ते कुंपणावरून म्हणाले, "पुढच्या वर्षी मला कोणी विचारू नये, आजोबा, झाडाला पाणी का घालत नाही म्हणून."

माफी मागायला तिनं तोंड उघडलं, तोवर ते वळले होते.

सहाला तिनं माळी उईसान यांना फोन केला.

"फांदी वाचेल का? नुसती कमानीची?"

"नाही वाचणार. लाकूडही ठेवू नका, चुलीसाठीसुद्धा. आम्ही घेऊन जाऊ."

"सगळं?"

"सालीसकट सगळं. आणि खुडलेल्या सुया फेकल्यात तरी चालेल, त्यात काही नसतं."

म्हणजे खुडण्यानं काहीच झालं नव्हतं, झाड लपलंही नव्हतं आणि वाचलंही नव्हतं.

संध्याकाळी र्‍योहेईला निरोप द्यायला तिनं फाटकाशी मातीच्या थाळीत सनकाड्या पेटवल्या. धूर विरळ फांदीतून वर गेला. शेजारच्या दारातही थाळी पेटली होती, पण त्सुचियांनी इकडे पाहिलं नाही. विझल्यावर, झाड तोडण्याआधी करतात तसं, तिनं पाइनच्या बुंध्याशी मीठ ठेवलं, साके ओतली, आणि शिडी फाटकाच्या आत ओढून घेतली.

उईसान दोन माणसं घेऊन सकाळी आठला येणार. त्यांना दहाला चहा द्यायचा, तीनला चहा.