दादाने धाडलेली गाडी

"आधी गजाल, मगे कागद."

आमचा पोस्टमन खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात आला, पायरीशी वहाणा काढून ओसरीवर टेकला की त्याचं पहिलं वाक्य हेच. गजाल म्हणजे गोष्ट, गप्पा. कागद म्हणजे मुंबईहून आलेलं पत्र. त्या घरची बाई आतून गुळाचा खडा आणि पाणी घेऊन यायची. तो गूळ तोंडात टाकायचा, दोऱ्याने बांधलेला चष्मा कानाला अडकवायचा, पत्र डोळ्यांपुढे धरून मनातल्या मनात वाचायचा, पुन्हा घडी घालून मांडीखाली ठेवायचा, आणि मग बोलायला लागायचा.

तुम्ही म्हणाल, सरकारी माणसाने पत्र टाकावं आणि पुढे जावं. पण आमच्या वाडीत घरटी एक माणूस मुंबईला, आणि मागे राहिलेल्यांत वाचणारं कोण होतं? पत्र आणणारा तोच, वाचणारा तोच, उत्तर लिहिणाराही तोच. दहा घरांचं टपाल वाटायला त्याला संध्याकाळ व्हायची.

त्याची रीत अशी होती. पत्रात चांगलं असलं की गजाल चार वाक्यांत संपायची. वाईट असलं की तो आधी संस्कृत श्लोक म्हणायचा, मग त्याचा अर्थ आमच्या बोलीत सांगायचा, मग त्यावर कुठल्यातरी गावची घडलेली गोष्ट, आणि ऐकणाऱ्याचं मन जरा टेकलं असं दिसलं की मग मांडीखालचा कागद काढायचा. ते श्लोक मी इथे लिहीत नाही. मला संस्कृत येत नाही, लिहिले तर चुकतील, आणि चुकलेलं लिहिणं मला पटत नाही. तो स्वतः लहानपणी एका शास्त्र्याच्या घरी गुरं राखायला होता. पडवीत बसून जे कानावर पडलं तेवढंच त्याचं शिक्षण, असं तो सांगायचा.

वाडी मात्र हुशार. श्लोकाच्या लांबीवरून बातमी ओळखायला शिकली. एकदा शेजारच्या म्हातारीच्या ओसरीवर त्याने घसा खाकरून श्लोक सुरू केला, तर तिने ऐकण्याआधीच हंबरडा फोडला.

"अगो रडतंस कित्याक? जावयाची बदली झाली, इतक्याच आसा."

"मगे श्लोक कित्याक काढलंस, मेल्या?"

"आज आठवलो म्हणान."

त्या दिवसापासून तो आधी सांगून टाकायचा, "हो श्लोक उगीचच आसा हां, कोणाक काय झालला नाय."

दोन भाऊबंद गडग्यावरून, म्हणजे हद्दीच्या दगडी कुंपणावरून भांडत होते तेव्हाची गोष्ट. चिरे रचून दोघांनी आपापला गडगा एकमेकांच्या हद्दीत वीतभर सरकवला होता. हा तिथे थांबला. विहीर खणणारा आणि भिंत बांधणारा असा एक श्लोक म्हणाला. म्हणाला, "दोघांचेय हात सारखेच. पण एक आपल्याच हातान खाली जाता, दुसरो आपल्याच हातान वर." मग दोघांकडे आळीपाळीने बघून म्हणाला, "तुमी गडगो बांधतास खरो, पण जातास खाली." भांडण मिटलं नाही. पण त्या दिवसापुरते दोघे गप्प बसले, तेही काही कमी नाही.

मला त्याचा राग यायचा. आता खरं सांगायला हरकत नाही. सगळी वाडी मला दादा म्हणायची. माझ्या माडांची बाग वाडीत मोठी, देवळाच्या सभेत माझा शब्द शेवटचा. आणि हा खाकी सदऱ्यातला माणूस ओसरीवर बसून सगळ्यांना शहाणपण शिकवतो, हे मला सोसत नसे. माझ्याकडे आला की मी हात पुढे करायचो. "गजाल नको. कागद दी. माका वाचूक येता."

येत होतं, पण छापलेलं. मी दुसरीपर्यंत शाळेत गेलो. छापील अक्षर एकेक करून लागायचं. हाताने लिहिलेलं धावतं अक्षर मला काही केल्या लागत नसे. हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. पत्र आलं की त्यावर डोळे फिरवायचे, मान हलवायची आणि तारेला टोचून ठेवायचं. मग तालुक्याला जाईन तेव्हा ओळख नसलेल्या एखाद्या कारकुनाकडून वाचून घ्यायचं, "चष्मो घराक रवलो" असं सांगून. माझ्या नाकावर चष्मा कधी नव्हताच.

माझा धाकटा भाऊ माझं न ऐकता मुंबईला गिरणीत गेला. जाताना मी त्याला म्हटलं होतं, "ह्या उंबऱ्यार परत पाय ठेव नको." तीन वर्षं त्याचं पत्र नव्हतं. माझंही नव्हतं.

जत्रेच्या आधीच्या सोमवारी माझ्या खळ्यात दहाबारा जण जमले होते. दशावतारी नाटकाचं छापील हस्तपत्रक आलं होतं आणि ते मी सर्वांना मोठ्याने वाचून दाखवलं होतं. लोक माना डोलवत होते. त्याच वेळी पोस्टमन आला. त्याच्या हातात एक कार्ड होतं. तो पायरीशी थांबला, वहाणा काढल्या आणि म्हणाला, "दादानू, वायच बसा. एक श्लोक सांगतंय."

कार्ड उघडंच असतं, त्याने वाटेत वाचलेलं असणार, हे मला कळलं. मी हात पुढे केला.

"तुझो श्लोक जत्रेत सांग. हय नाटकवाले आसत, तुका पण एक पार्ट दितीत."

लोक हसले. तोही थोडा हसला, पण कार्ड देईना. "आयका तरी."

"कोणाचो कागद तो? माझो मां? मगे दी."

त्याने दिलं. मी कार्डावर डोळे फिरवले. शेवटी भावाचं नाव आहे एवढं आकारावरून ओळखलं. मनात म्हटलं, बागेतला वाटा मागितला असणार, दुसरं काय. मान हलवली आणि कार्ड तारेला टोचलं.

"काय म्हणता भाव?" कुणीतरी विचारलं.

"बरो आसा म्हणता."

पोस्टमन माझ्याकडे बघत राहिला. "वाचलास मां, दादानू?"

"तुझ्यासमोरच वाचलंय मरे."

त्याने वहाणा पायांत सरकवल्या आणि निघाला. त्या दहाबारा माणसांसमोर तो बोलला असता तर माझी अब्रू गेली असती. ते त्याला कळलं होतं. मला तेव्हा हे कळलं नाही. तो गप्प बसला म्हणून मी जिंकलो, असं मला वाटलं.

मंगळवारी तो टपाल नसताना आला. ओसरीवर बसून त्याने कुणीही न विचारता श्लोक म्हटला. सणात, संकटात, दुष्काळात, राजाच्या दारात आणि मसणात जो बाजूला उभा राहतो तोच भाऊ, असा त्याचा अर्थ. मी म्हटलं, "तुझ्या पोस्टाक आज काम नाय काय?" तो उठून गेला.

बुधवारी तो मला बागेत गाठायला आला. मी एकटाच होतो, माडाच्या आळ्यात शेणखत घालत होतो. तो हळू आवाजात म्हणाला, "दादानू, त्या कार्डाचा उत्तर धाडूचा आसा काय? सांगा, मी लिहितंय. नायतर परत एकदा वाचून बघूया दोघांनी. त्याचा अक्षर वायच वाईटच आसा."

आज मला दिसतं, त्याने माझ्यासाठी किती रुंद दार उघडलं होतं. अक्षर वाईट आहे, इतकंच मी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "उत्तर दिवचासारख्या त्यात काय नाय."

त्याने खाली बघितलं आणि गेला.

गुरुवारी वाडीत टपाल आलंच नाही. इतक्या वर्षांत त्याने रजा घेतलेली कुणाला आठवत नव्हती. मी चव्हाट्यावर बसून म्हटलं, "श्लोक संपले वाटता, नवीन आणूक गेलो." सगळे हसले. मी सर्वांत जास्त.

दिवे लागायच्या वेळेला खळ्यात बैलगाडी शिरली. आमच्या वाडीतली नव्हती, पलीकडच्या गावची होती. पोस्टमन बैलांपुढे चालत होता. गाडीत गवतावर घोंगडी पांघरून माझा भाऊ. मी त्याला पहिल्यांदा ओळखलंच नाही. गालांची हाडं वर आली होती. खोकल्याने बोलता येत नव्हतं. बायको धावली आणि तिने त्याचं डोकं धरलं. खोकला थांबला तेव्हा तो माझ्याकडे बघून म्हणाला, "दादा, तू गाडी धाडलंस."

मला कशाचाच अर्थ लागेना. मी पोस्टमनकडे बघितलं. तो बैलाच्या मानेवरची दोरी सोडवत होता. माझ्याकडे न बघता त्याने भावाला सांगितलं, "वाटेत सांगलंय मां तुका. दादाक बागेतून हलाक गावला नाय. माका म्हणालो, तू जा, माझ्या भावाक घेवन ये." आणि मग त्याने एकदा माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, "व्हय."

तो एक शब्द. आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोललो असेन, व्यापारात, सभेत. त्यांतलं काही आठवत नाही. हा शब्द आठवतो.

भाऊ पुढच्या शिमग्यापर्यंत जगला. मुंबईच्या डॉक्टरने त्याला गावी जा म्हणून सांगितलं होतं, ते औषध संपल्यावर सांगतात तसं. पण तो आपल्या घरात होता, बायको त्याला नाचण्याची आंबील भरवायची, आणि समाचाराला येईल त्याला तो सांगायचा, "मी दादाचा आयकलंय नाय, तरी दादान गाडी धाडल्यान." लोक माझ्याकडे आदराने बघायचे. पोस्टमनही येऊन त्याच्याजवळ बसायचा, त्याला हसवायचा. मी बाहेर बागेत जायचो.

भाऊ गेल्यावर मी ते कार्ड तारेवरून काढलं आणि बागेतल्या खोपीत नेऊन ठेवलं. रोज दुपारी तिथे बसून एकेक अक्षर लावायचो. हस्ताक्षर वाचायला मी त्या कार्डावरून शिकलो. पहिला शब्द लागला तो "दादा". सगळं कार्ड लागायला पावसाळा आला. त्यात लिहिलं होतं की मला क्षय आहे, गुरुवारच्या बोटीने मालवणला येतोय, चालवत नाही, गाडी घेऊन ये. आणि शेवटी असं की बोटीवरून किनाऱ्याला आणणाऱ्या पडावातून उतरण्याआधी मी बंदरावर तुला बघेन, तू किंवा तुझं माणूस दिसलं नाही तर तुझा राग गेलेला नाही असं समजेन आणि परत फिरून त्याच बोटीने पुढे जाईन, कुठे ते माहीत नाही.

पोस्टमनला हे सोमवारपासून माहीत होतं. वाडीत कुणाला कळू नये म्हणून त्याने परक्या गावची गाडी केली. त्यानंतरही तो आमच्याकडे टपाल आणत होता, मी कागद हातात घेत होतो, आणि आता खरंच वाचत होतो. त्याने त्या दिवसाचं नाव कधी काढलं नाही. मी काढायला हवं होतं. रोज ठरवायचो. तो पायरीवर आला की मी नुसता कागदासाठी हात पुढे करायचो. मग तो निवृत्त होऊन आपल्या गावी, आरोंद्याला गेला, आणि मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून टाकतो.

चारपाच वर्षांनी ऐकलं की तो आजारी आहे. बायको म्हणाली, "एकदा जावन येवा." मी एस.टी.ने आरोंद्याला गेलो. वाटेत मनात वाक्यं जुळवली. त्याच्या पायांवर डोकं ठेवायचं आणि सांगायचं, इतकं ठरवून गेलो होतो.

तो खाडीच्या काठी आपल्या अंगणात बाजेवर बसला होता. भोवती शेजारची सातआठ माणसं. त्याने मला ओळखलं, बाजेवर बाजूला बसवलं आणि लोकांना म्हणाला, "मी तुमका सांगतंय तो हो माणूस. आजारी भावाक बंदरावरसून गाडी धाडून घराक आणल्यान, तो हो."

लोकांना गोष्ट माहीत होती. तिथे ती त्याच्या श्लोकाबरोबर जोडलेली होती, मसणात उभं राहणाऱ्या भावाच्या. त्याने पुन्हा पहिल्यापासून सांगितली. उंबऱ्याचा राग, कार्ड, गाडी. गोष्टीत मी कार्ड वाचलं होतं, वाचून डोळे पुसले होते. गाडी खळ्यात शिरली इथपर्यंत आला आणि तो थांबला. दम लागला म्हणून थांबला की काय, मला माहीत नाही. माझ्याकडे वळून म्हणाला, "फुडचा तुमी सांगा, दादानू."

सगळे माझ्याकडे बघत होते. तोही. त्याच्या डोळ्यांत टोचणं नव्हतं, घाईही नव्हती.

मी म्हणालो, "फुडे काय. शिमग्याक गेलो तो."

लोकांनी चुकचुक केली. एका म्हातारीने आपल्या मुलाला म्हटलं, "बघ रे, भाव असो आसाक व्हयो." तिने माझ्यासाठी चहा आणला. मी तो प्यालो. पोस्टमन खाडीकडे बघत बसला, आणि निघताना मी नुसते हात जोडले.

त्याच पावसाळ्यात तो वारला.

परवा कणकवलीच्या स्टँडवर एक पन्नाशीचा माणूस माझ्याकडे टक लावून बघत होता. मग जवळ आला. "तुमी ते काय, भावाक गाडी धाडलली ते? मी आरोंद्याचो. आवशीन तेव्हा तुमका चाय दिल्यान." त्या म्हातारीचा तो मुलगा. बाकावर गर्दी होती. त्याने शेजारच्यांना माझी गोष्ट थोडक्यात सांगितली, आपली पिशवी उचलली आणि उठून मला जागा करून दिली.

मी बसलो.