स्टेशन असलेलं स्थळ

बाबा धुळ्याकडचे. नोकरीसाठी देवासला आले, कारखान्यात लागले आणि इथलेच झाले. आईचं माहेर धारचं. माझ्या लहानपणी आमचं सगळं जग बाबांच्या स्कूटरवर चालायचं. धारला जायचं तर स्कूटर, उज्जैनला जायचं तर स्कूटर. धुळ्याला तेवढी धामनोदवरून बस. निवृत्त झाल्यावर बाबांनी एक जुनी मारुती घेतली आणि मग माझ्याकडे भोपाळलाही ते दोघं तिनंच यायला लागले. "आपलं वाहन आपल्या हातात असतं," असं बाबा म्हणायचे. आईनं त्यावर कधी वाद घातल्याचं मला आठवत नाही.

दोन हजारच्या आसपासची गोष्ट. मी देवासला राहायला आले होते आणि परतताना दोघांना सोबत नेणार होते. आदल्या संध्याकाळी बाबा अंगणात गाडी धूत होते. आई दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, या खेपेला मी रेल्वेनं जाणार आहे."

"ब्रेक कालच दाखवून आणलेत," बाबा म्हणाले.

"ब्रेकचं नाही हो. मागच्या वेळी आष्ट्याजवळ तुमचा डोळा लागला होता. समोरून ट्रक येत होता. मी हाक मारली म्हणून निभावलं. तेव्हापासून तुम्ही रस्त्याकडे बघता आणि मी तुमच्या डोळ्यांकडे. भोपाळ येईस्तोवर माझी मान अवघडून जाते."

हे मला दोघांपैकी कुणीच सांगितलं नव्हतं. बाबा बराच वेळ एकच काच पुसत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही दोघी जा. मी गाडी घेऊन येतो."

"या," आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "मी तिथं वाट बघत बसेन."

सकाळी रिक्षा दारात आली तेव्हा बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या आधी आत जाऊन बसले. 

इंटरसिटीत आम्हाला खिडकीजवळच्या जागा मिळाल्या. आई आणि बाबा समोरासमोर, मी आईच्या शेजारी. बाबांना हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. कधी मांडीवर ठेवत, कधी घडी घालत. गाडीचा वेग कमी झाला की त्यांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा. आई ते बघत होती आणि पदरानं तोंड पुसल्यासारखं करून हसू लपवत होती.

उज्जैनला गाडी थांबली आणि निघाली ती उलट्या दिशेनं. बाबा दचकून उठले. "अरे, ही तर परत चालली."

शेजारचे गृहस्थ म्हणाले, "बैठो भिया, यहाँ इंजन दूसरी तरफ लगता है. भोपाल ही जा रही है."

बाबा बसले, पण आता त्यांची पाठ भोपाळकडे झाली होती. पुढचं काही दिसत नाही म्हणून ते अस्वस्थ झाले. आई उठली, "तुम्ही इकडे या," म्हणाली आणि त्यांच्या जागेवर जाऊन बसली. शेतं तिच्यासमोरून मागे मागे जात होती. ती खुशीत होती.

"धारला रेल्वे नव्हती ना," ती म्हणाली. "लहानपणी आत्याकडे महूला गेले, तेव्हा पहिल्यांदा पाहिली. बसायला काही मिळालं नाही. पुढं स्थळं यायला लागली. एक कुक्षीचं होतं, शेतीवाडीवालं. दुसरं तुमचं. अण्णांनी विचारलं, बाळ, तुझ्या मनात काय आहे? मी म्हटलं, देवासला स्टेशन आहे ना?"

अण्णा म्हणजे तिचे वडील. ही गोष्ट मी कधी ऐकली नव्हती. बाबांनीही नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

"म्हणजे तू स्टेशनला होकार दिलास," ते म्हणाले.

"आधी स्टेशनला. तुम्हाला नंतर, पाहिल्यावर."

बाबा पुढे वाकले. "आणि मी तुला जन्मभर स्कूटरवर फिरवलं. बोलली का नाहीस कधी?"

"स्कूटरवर बोललेलं तुम्हाला ऐकू कुठं यायचं?" आई म्हणाली. मग जरा थांबून, "आणि तुमच्या मागे बसायला वाईट नव्हतं वाटत."

मी खिडकीबाहेर बघायला लागले. थोड्या वेळानं पाहिलं तर बाबा उठून आईच्या शेजारी, भोपाळकडे पाठ करून बसले होते. शुजालपूरच्या आधीच त्यांना झोप लागली आणि डोकं तिच्या खांद्यावर आलं. प्रवासात झोपलेले बाबा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. चहावाला जवळ आला तशी आईनं बोट ओठांवर ठेवलं. तिलाही चहा हवा होता, मला माहीत होतं. पण ती हलली नाही.

त्यानंतर भोपाळला ते रेल्वेनंच येत. मारुती भाजी बाजारापुरती उरली. पुढच्या हिवाळ्यात बाबा आईला, काही काम नसताना, रतलामला घेऊन गेले आणि त्याच दिवशी परत आले. रतलामला काय पाहिलंत, म्हणून मी फोनवर विचारलं.

"काही नाही गं," आई म्हणाली. "बसून गेलो, बसून आलो."